घासलेलं पिनियन आणि नागसेनाचा रथ

आत्मा न मानणाऱ्या घरात माणूस गेला की मागे नेमकं काय उरतं? पुस्तकात हा प्रश्न मी फार आधी वाचला होता. त्याच्याशी खरी गाठ पडली ती माझा धाकटा भाऊ गेल्यावर, आणि ती घालून दिली त्याच्या मुलानं.

आम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याचे. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा दीक्षाभूमीच्या मैदानावर उभ्या असलेल्या लाखो लोकांत विशीतले आमचे वडीलही होते. बावीस प्रतिज्ञांपैकी एक अशी, की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. ती आमच्या घरानं कसोशीनं पाळली. भाऊ गेल्यावर परित्राणपाठ झाला, पुण्यानुमोदन झालं, विहाराला दान दिलं. शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि माझ्या भावजयीचा हात हातात धरून म्हणाल्या, "आत्मा कुठं मरते का बाई? ते तर कपडे बदलून राहिली फक्त." अगदी मनापासून बोलल्या. पण नववीतला पोरगा कोपऱ्यात बसून ऐकत होता, आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं.

पुढे काही महिन्यांनी तो माझ्याकडे एक खोकं घेऊन आला. आत त्याच्या वडिलांचं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर होतं. "आत्या, हे चालू करून दे. पण काही बदलायचं नाही याच्यातलं. पप्पांचं आहे ते."

मी एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. सोल्डरिंगची सवय हाताला आहे, मल्टिमीटर घरात आहे. दुरुस्ती मला जमणारी होती. काही न बदलता दुरुस्ती करणं मात्र कुणालाच जमणारं नव्हतं.

हे हेलिकॉप्टर नवशिक्यांसाठी बनवतात त्या जातीचं आहे. एकात एक बसलेल्या दोन दांड्यांवर, एकावर एक असे दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. साध्या हेलिकॉप्टरला शेपटीवर छोटा पंखा लागतो, नाहीतर वरचा मोठा पंखा एकीकडे फिरताना खालचं धड दुसरीकडे गरगर फिरेल. इथे दोन पंखे एकमेकांचा पीळ मारून टाकतात, म्हणून शेपटी नुसती दिसायला. आपल्या नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरं याच पद्धतीची. वरच्या पंख्याला आडवी एक वजनाची दांडी असते. ती फिरत असताना पंख्याला कलू देत नाही, त्यामुळे नवख्याच्या हातातही यंत्र स्वतःहून सरळ राहतं. खालच्या पंख्याखाली स्वॉशप्लेट. तिला दोन सर्व्हो वरखाली ओढतात आणि मग हेलिकॉप्टर पुढे, मागे, बाजूला जातं. पंख्यांना दोन छोट्या मोटारी. एकीचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला, की नाक वळतं. सगळा संसार एका चपट्या बोर्डावर चालतो: रिसीव्हर तोच, मोटारींना वीज मोजून देणाराही तोच, आणि वळणं ओळखणारा जायरोही त्याच्यातच.

भाऊ वायुसेनेत तंत्रज्ञ होता. त्याची बरीच नोकरी चंदीगडच्या तीन नंबरच्या बेस रिपेअर डेपोत गेली, जिथे एमआय जातीच्या हेलिकॉप्टरांचं ओव्हरहॉल होतं. हे डेपो ज्या मेंटेनन्स कमांडखाली येतात तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, वायुसेनानगरला. सुट्टीत आला की तो सांगायचा: हेलिकॉप्टरचं वय एकच नसतं. पात्यांचे तास वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, इंजिनाचे वेगळे. महत्त्वाच्या भागाला त्याचा स्वतःचा नंबर आणि त्याचा स्वतःचा कागद. एका यंत्रातून निघालेला गिअरबॉक्स ओव्हरहॉल होऊन दुसऱ्याच यंत्रात बसू शकतो, आणि त्याचा कागद त्याच्याबरोबर जातो. कोणी "हे हेलिकॉप्टर फार जुनं झालं" म्हटलं की तो अडवायचा. "यंत्राला जुनं म्हणू नका, कोणता पार्ट जुना ते सांगा."

हीच शिस्त त्यानं या खेळण्यालाही लावली होती. खोक्यात एक शंभर पानी वही निघाली. कोणत्या तारखेला काय मोडलं, काय बसवलं, बॅटरी किती मिनिटं पुरली, बोर्डावरचे दोन बारीक स्क्रू कुठे ठेवले, सगळं त्याच्या ठसठशीत अक्षरात. त्या वहीतच पोराच्या अटीचं उत्तर होतं, पण ते त्याला वाचून दाखवायची घाई मी केली नाही.

पहिल्यांदा गेली ती बॅटरी. लिथियम पॉलिमरचे दोन सेल, प्रत्येक भरलेला ४.२ व्होल्टचा, तीनच्या खाली गेला की कामातून गेला. ही कित्येक महिने तशीच पडून होती, फुगून टम्म झाली होती. ती ठेवून घेणं म्हणजे घरात आग ठेवणं. पोरानं विरोध केला नाही, पण तोंड उतरलं. मग आतला शाफ्ट वाकलेला निघाला. वरच्या पंख्याच्या एका पात्याला टोकाशी चीर. खालच्या मोटारीचे कार्बन ब्रश संपत आलेले. जे निघेल ते तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेला. फक्त बॅटरी मी ठेवू दिली नाही. पार्ट इथे मिळत नव्हते, ऑनलाइन मागवावे लागले, आणि एकेक करत आले. प्रत्येक पार्सलबरोबर डबा भरत गेला आणि हेलिकॉप्टरमधला त्याचा बाप कमी होत गेला, असं त्याचं गणित. एक दिवस त्यानं ते बोलून दाखवलं. "आत्या, अर्ध्याच्या वर झालं बदलून. आता हे त्यांचं राहिलं का?"

हा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद राजाचं नाव दिलं आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं वनाला, ही निवड मला फार मोलाची वाटते. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात या दोघांचा संवाद आहे. भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं संबोधन आहे. त्यामागे कुणी कायमचा पुरुष सापडत नाही. राजा चिडतो. मग भिक्षा कोण घेतो? शील कोण पाळतो? तुम्हाला कुणी मारलं तर खून कुणाचा झाला? नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथात? रथात. मग सांगा, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? की या सगळ्यांपलीकडे काही? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. शेवटी त्यालाच म्हणावं लागतं, की या भागांच्या आधारानं 'रथ' हा व्यवहार चालतो.

पोराला मी हे त्याच्याच टेबलावर करायला लावलं. त्याचा कल बोर्डाकडे होता. "डोकं तर तेच आहे ना? तो आत्मा." मी म्हटलं, बॅटरी काढ. बोर्ड मेला. बॅटरी लाव, रिमोट बंद ठेव. बोर्डाचा दिवा लुकलुकत राहिला, कुणाच्या हुकमाची वाट पाहत. वीज लावल्यावर काही सेकंद यंत्र अजिबात हलू द्यायचं नसतं, कारण जायरो तेवढ्यात आपला शून्य ठरवतो; हललं तर उड्डाणभर नाक एका बाजूला ओढत राहतं. म्हणजे ज्याला आपण डोकं म्हणतो त्यालाही 'सरळ' म्हणजे काय ते दर वेळी नव्यानं शिकावं लागतं. पोरगा गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे. त्याला वाटलं, आत्या म्हणते आहे की पप्पांचं काहीच नाही.

इथेच बहुतेक जण नागसेनाला सोडून देतात. रथ नाही, पुरुष नाही, संपलं. पण राजाचा मूळ आक्षेप नीतीचा होता आणि तो तसाच उभा आहे: कुणीच नाही तर जबाबदार कोण? ग्रंथात त्याचं उत्तर पुढे येतं. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो. पकडल्यावर म्हणतो, यांनी जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. मी यांचं काही घेतलं नाही. राजा म्हणतो, तरीही तो दोषी, कारण आधीच्या आंब्याशिवाय हा आंबा झाला नसता. तोही नाही आणि दुसराही नाही. नागसेनाचं हे वाक्य मला शाळेत असताना शब्दांची कसरत वाटायचं. ते खरं कसं असतं हे मला एका दातेरी चाकानं दाखवलं.

मोटारीच्या दांड्यावर पितळेचं इवलंसं चाक असतं, पिनियन. ते नायलॉनच्या मोठ्या चाकाला फिरवतं. खालच्या पंख्याचं मोठं चाक घासलं होतं, ते आम्ही नवं बसवलं. पिनियन नवं मिळालं नव्हतं, म्हणून मोटार आणि पिनियन तेच ठेवलं. थोड्याच उड्डाणांत नव्या चाकाचे दात जुन्यासारखेच खाल्ले गेले. भिंगाखाली पाहिलं तेव्हा पिनियनचा प्रत्येक दात एका बाजूनं आकड्यासारखा वळलेला दिसला. मग नवी मोटार आली, नव्या पिनियनसकट. तोवर नायलॉनच्या खाल्लेल्या दातांत मैदानातली बारीक रेती रुतून बसली होती. नायलॉन मऊ, पितळ कठीण, तरी त्या रेतीनं नवं पितळ घासायला सुरुवात केली. मोटार तापू लागली, यंत्र थरथरू लागलं, थरथरीनं जायरो गोंधळू लागला आणि नाक डावीकडे वळू लागलं.

आता पाहा. पहिलं घासलेलं चाक डब्यात. वळलेल्या दातांचं पिनियन डब्यात. दोष सुरू झाला त्या वेळचा एकही भाग त्या जोडीत नाही, आणि दोष मात्र चालूच. एका चाकातून निघून दुसऱ्यात गेलेली कोणतीही वस्तू दाखवता येत नाही. तरी आधीच्या घासण्याशिवाय हे घासणं झालं नसतं. मी पोराला म्हटलं, "बाबू, नागसेन हेच म्हणतो. काही एक पलीकडे जात नाही, आणि तरी फळ चुकत नाही." आणि हा फेरा तोडायचा उपायही तिथेच होता: दोन्ही चाकं एकदम बदलायची, मध्ये कागदाचा पातळ तुकडा धरून मोटार आवळायची, कागद काढला की दातांत हवी तेवढीच फट राहते. बदलली. आवाज सुटसुटीत झाला.

हा उपाय मला तात्त्विकदृष्ट्या फार मोठा वाटतो, आणि का वाटतो ते सांगते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, बाबासाहेबांच्या मागे प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकात त्यांनी स्वतःच जे अवघड प्रश्न मांडले त्यांत हा एक आहे: आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचं काय? हा प्रश्न त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता, कारण गेल्या जन्मीच्या पापानं या जन्मी हलकी जात मिळाली, असं आमच्या माणसांना शतकानुशतकं ऐकवलं गेलं होतं. त्या युक्तिवादाला एक वाहक लागतो, पापाचं गाठोडं घेऊन एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा. बाबासाहेबांनी तो वाहकच नाकारला. देहाची तत्त्वं सृष्टीतल्या त्यांच्या त्यांच्या साठ्यात मिळतात. कर्म ही नीतीची व्यवस्था आहे, कुणाच्या कपाळावरचा शिक्का नाही. माझे वडील मिलमध्ये ज्या वागणुकीला सामोरे गेले ती त्यांच्या मागल्या जन्मातून आली नव्हती. ती शेजारच्या चाकातून आली होती. आणि जे शेजारच्या चाकातून येतं ते बदलता येतं. ज्याच्या गाभ्यात न बदलणारं असं काही असतं त्याची दुरुस्ती होत नाही, फक्त नशीब असतं. १४ ऑक्टोबरला त्या मैदानावर गेलेले लोक हे जाणून होते, ग्रंथ वाचलेला असो नसो.

शेजारच्या काकूंच्या बोलण्यातला ओलावा मी नाकारत नाही. न बदलणारा आत्मा शोकात आधार देतो, हे मला दिसतं. पण त्याची किंमत कोणी चुकवली हेही मला दिसतं.

मग भावाचं काय उरलं? पोराला घेऊन मी एका सकाळी दीक्षाभूमीवर गेले. तिथला बोधिवृक्ष त्यानं लहानपणापासून पाहिलेला, पण त्याची कुळकथा ठाऊक नव्हती. त्याची रोपं भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपुरच्या वृक्षापासून आणली. अनुराधपुरची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेहून नेली. आणि बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ च्या वादळात पडला. आज तिथे आहे तो त्याच्या वंशातला, नंतर लावलेला. ज्याच्याखाली सिद्धार्थ बसला त्या झाडाचं एकही पान नागपुरात नाही. तरी या झाडाखाली बसलेल्याला कुणी "हे दुसरंच झाड" म्हणून उठवत नाही. कुणीतरी फांदी तोडली, ओली ठेवली, समुद्रापलीकडे नेली, लावली, पाणी घातलं, परत आणली. हे जे करणं आहे, तेच एका झाडातून दुसऱ्या झाडापर्यंत आलं.

पोरानं लगेच दुसरी बाजू काढली, आणि ती बिनतोड आहे. स्तूपाकडे बोट दाखवून म्हणाला, "मग आत बाबासाहेबांच्या अस्थी काहून ठेवल्या?" त्या आहेत. २००१ साली लोकार्पण झालेल्या त्या मोठ्या पोकळ घुमटाखाली, मधोमध. आत्मा न मानणारे आम्ही तिथे रांगेनं जाऊन डोकं टेकवतो, माझ्यासकट. बुद्धाच्या अस्थींवरही स्तूप झालेच. याला मी विसंगती मानत नाही. हाडात बाबासाहेब आहेत असं समजून मी वाकत नाही. ज्या माणसाच्या करण्यातून माझं आजचं बसणं-उठणं, माझी नोकरी, माझं मल्टिमीटर आलं, त्याच्यापुढे वाकायला शरीराला एक जागा लागते. म्हणून डबा टाक असं मी पोराला कधी म्हटलं नाही. फक्त एवढं म्हटलं, की डब्यातलं पिनियन पुन्हा यंत्रात घालायचं नाही.

त्यानंतर वही पुढे सुरू झाली, त्याच्या अक्षरात. आणि पोरगा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. आता त्याला सगळंच बदलायचं होतं. ॲल्युमिनियमचं रोटर हेड, ॲल्युमिनियमची स्वॉशप्लेट, ब्रशलेस मोटारी, मोठी बॅटरी. निळ्या, चकचकीत भागांचे फोटो मला दाखवायचा. यावर आमचं बरंच बोलणं झालं. प्लॅस्टिकचं हेड पडल्यावर तुटतं, ही त्याची तक्रार. पण ते तुटतं म्हणून धक्का तिथेच संपतो. धातूचं हेड तुटत नाही. धक्का खाली शाफ्टला जातो, शाफ्टातून बेअरिंगला, बेअरिंगमधून चौकटीला. स्वस्त तुकडा वाचतो आणि महाग तुकडे जातात. वर वजन वाढतं ते वेगळं, आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या यंत्राला दहा ग्रॅमही जड. शेवटी आम्ही मोटारींना उष्णता काढणारी ॲल्युमिनियमची कडी बसवली, कारण नागपूरच्या एप्रिलमध्ये ब्रशच्या मोटारी खरोखर होरपळतात. हेड प्लॅस्टिकचंच ठेवलं. तृष्णा वाईट असं त्याला उपदेशानं सांगायची गरज पडली नाही. कोणत्या बदलानं कुणाचं दुःख कमी होतं आणि कुणाचं वाढतं, हे वहीतल्या नोंदींवरून त्यानंच काढलं.

उडवतो आम्ही विहाराच्या सभागृहात, रविवारची वंदना झाल्यावर, छताचे पंखे बंद करून. दोन पंख्यांचं हे यंत्र वाऱ्यात टिकत नाही, मैदानात जरा झुळूक आली की वाहवत जातं. मुलं भिंतीला टेकून बसतात. भंतेजीही थांबतात. एकदा त्यांनी पोराला विचारलं, "यातलं तुझ्या वडिलांचं काय राहिलं?" पोरगा म्हणाला, "काच, स्किड आणि बोर्ड, भंतेजी. आणि वही." काच म्हणजे पुढचं पारदर्शक टोपण, त्यावर भावानं हातानं रंगवलेला नंबर आहे. भंतेजी म्हणाले, "आणि तुझे अंगठे?" पोरानं रिमोटवरच्या आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं. काडी नुसत्या टोकानं न ढकलता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, ही सवय त्याला भावानं लावली होती. मला ती कधीच जमली नाही.

मागच्या महिन्यात बोर्डही गेला. जळाला नाही, पण त्याचा क्रिस्टलवर चालणारा रिसीव्हर मधूनच सिग्नल सोडू लागला आणि त्या क्रिस्टलची जोडी आता मिळत नाही. नवा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झचा, त्याच्याबरोबर नवा रिमोट. ज्याला पोरगा आत्मा म्हणाला होता तो पार्ट त्यानं स्वतःच सोल्डर काढून सोडवला आणि डब्यात ठेवला. मी शेजारी बसून होते, मदत मागितली नाही त्यानं. वहीत भावानं दोन स्क्रूंच्या जागा घड्याळाच्या काट्यांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या नव्या बोर्डाला लागू पडत नाहीत, त्याचे स्क्रू वेगळे, जायरो वेगळा. पण एकदा एकच स्क्रू, तोही केसभर फिरवायचा, मग उडवून पाहायचं, मग लिहायचं, ही रीत लागू पडते, आणि पोरगा तसंच करतो आहे.

नाक डावीकडे वळणं अजून पूर्ण गेलेलं नाही. माझा संशय आतल्या शाफ्टवर आहे, तो नवा असला तरी मला सरळ वाटत नाही. पोराचं म्हणणं, शाफ्ट ठीक आहे, जायरोखालची दुपदरी टेप कडक पडली म्हणून थरथर वर जाते. या रविवारी आधी टेप बदलायची असं ठरलंय.